भट्टीत गेलेली घसरगाडी

ऑर्सन वेल्सच्या ‘सिटिझन केन’मध्ये (१९४१) वृत्तपत्रसम्राट चार्ल्स फॉस्टर केन ‘रोझबड’ एवढाच शब्द उच्चारून प्राण सोडतो आणि थॉम्प्सन नावाचा वार्ताहर त्याचा अर्थ शोधत चित्रपटभर हिंडतो. उत्तर त्याला मिळत नाही, ते शेवटी फक्त प्रेक्षकाला दिसते. रोझबड, म्हणजे गुलाबाची कळी, हे केनच्या लहानपणीच्या बर्फावरील घसरगाडीचे नाव. हरवलेल्या बालसुखाचे प्रतीक, असा तिचा अर्थ आठ दशके सांगितला जातो. तो ढोबळ आहे, कारण गाडी हरवलेलीच नसते. ती केनच्याच मालमत्तेत, आईच्या सामानात पडून असते. जग विकत घेणाऱ्याला स्वतःचीच वस्तू सापडत नाही. माझ्या मते चित्रपटाचे मर्म इथे आहे.

१८७१ मधला कोलोरॅडोचा प्रसंग पाहावा. घरात भाडेकरू ठेवून गुजराण करणाऱ्या आईला एका थकबाकीदाराने पैशांऐवजी खाणीचे कागद दिलेले असतात आणि त्यातून अफाट संपत्ती निघते. ग्रेग टोलंडच्या कॅमेऱ्यात जवळचे आणि दूरचे सारखेच स्पष्ट दिसते. पुढे टेबलाशी आई आणि बँकर थॅचर, मध्ये कुरकुरणारा बाप आणि पार मागे खिडकीच्या चौकटीत बर्फात खेळणारा इवलासा चार्ल्स. त्याला थॅचरच्या हवाली करण्याचा सौदा आत चालला आहे आणि त्याला त्याचा पत्ताही नाही. बाप खिडकी लावतो, आई ती पुन्हा उघडते. मुलाची पेटी आठवड्यापूर्वीच भरून ठेवली आहे, असे ती सांगते. अंगणात मुलगा हीच गाडी थॅचरच्या पोटात ढोसतो. मग ती एकटीच पडलेली दिसते. तिच्यावर बर्फ साचत जातो आणि दूर आगगाडीची शिट्टी वाजते. पुढे नाताळात थॅचर त्याला नवी कोरी घसरगाडी देतो आणि मुलगा तिच्याकडे रुष्ट नजरेने बघतो. गेलेल्या वस्तूची भरपाई दुसऱ्या वस्तूने करायची, हा धडा त्याला इथे मिळतो. मोठेपणी तो युरोपातले पुतळे खोकीच्या खोकी मागवतो, ती अनेकदा उघडतही नाही. आईचे सामान बघायला मात्र एका रात्री वखारीकडे निघतो, तेव्हा वाटेत अंगावर चिखल उडतो, पुढे त्याची दुसरी बायको होणाऱ्या सुझनची गाठ पडते आणि वखार राहून जाते.

यावर पहिला आक्षेप खुद्द वेल्सचाच. रोझबडची कल्पना त्याने सहलेखक हर्मन मँकविट्झच्या पदरात टाकली आणि तिला स्वस्तातले फ्रॉइडीय मानसशास्त्र ठरवले. दुसरा आक्षेप थॉम्प्सनचा: एका शब्दाने माणसाच्या आयुष्याचा उलगडा होत नाही. हा आक्षेप मान्य करूनही माझा मुद्दा टिकतो, कारण गाडी केनचा उलगडा करत नाही, त्याच्या खरेदीची मर्यादा दाखवते. तिसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. बाप मारकुटा आहे, म्हणूनच आई मुलाला दूर धाडते, मग ते बालपण सुखाचे कसे? ते फारसे सुखाचे नसावेच. केनला ओढ असलीच, तर ती सुखापेक्षा त्या काळाची, जेव्हा त्याच्या अंगाखांद्यावर किंमत चिकटली नव्हती.

शेवटच्या प्रसंगात याचा पुरावा आहे. झॅनाडू या केनच्या महालाच्या दालनात सामानाची मोजदाद चालली आहे. शिर नसलेली व्हीनस पंचवीस हजार डॉलरांची आणि आईच्या घरची शेगडी दोन डॉलरांची. घसरगाडीला मात्र कोणी दोन डॉलरही लावत नाही. अडगळ म्हणून ती भट्टीत जाते. ज्वाळांत तिचा रंग फुगतो आणि अक्षरे वितळत जातात. यादीत जिची नोंदच नाही, ती एकच वस्तू केन मरताना मागत होता.