अपशकुनी कोण?

मादागास्कर बेटावर आय-आय नावाचा रात्री फिरणारा प्राणी आहे, माकडांचा दूरचा भाऊबंद. त्याचं मधलं बोट काडीसारखं बारीक नि लांब. ते ज्याच्यावर रोखलं जाईल तो मरतो, अशी तिथल्या काही गावांतली समजूत. म्हणून दिसला की त्याला मारतात. खरं तर त्या बोटाने तो बिचारा लाकडातल्या अळ्या काढून खातो!

हसू आलं ना? मग आपल्या घुबडाचं काय? गोरेगावच्या आरे कॉलनीत आजही घुबडं आहेत. त्यांचा आवाज आला की अपशकुन म्हणायचं, त्यांनाच लक्ष्मीचं वाहनही म्हणायचं, आणि दिवाळीच्या सुमारास धनलाभाच्या लोभाने त्यांचाच बळी देणारेही निघतात. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घुबड पकडणं, विकणं हा गुन्हा आहे, तरीही!

मैत्रिणींनो, गव्हाणी घुबड रात्रभर उंदीर टिपतं, म्हणजे आपलं धान्यच राखतं. लक्ष्मी राखणं आणखी वेगळं काय असतं? तेव्हा घुबडावर दगड उचलणाऱ्या मुलाचा हात धरा. एवढं केलंत तरी पुष्कळ.