पटावरचं मध्ययुग (११) : भालाईत उभा कुठे करायचा?

गेल्या आठवड्यात आपण फ्रँक्सच्या नाइटांना शेतात सोडून निघालो होतो, आणि आज धर्मगुरूंवर लिहायचं ठरलं होतं. पण मधल्या दिवसांत एका वाचकाचा प्रश्न आला. तो इतका मुळाशी जाणारा आहे की धर्मगुरूंना आणखी एक आठवडा मठातच बसावं लागेल. प्रश्न असा : "घोडदळाला उतारा भाला, असं तुम्ही दर वेळी सांगता. मी पाइकमन केले, भरपूर केले. तरी दर डावात माझे गावकरी मरतात, भालेवाले शाबूत राहतात आणि मी हरतो. मग त्या भाल्यांचा उपयोग काय?"

भालेवाले शाबूत राहिले, इथेच सगळं निदान आहे. पण आधी भाल्याची बाजू नीट मांडू द्या, कारण तो बिचारा उगाच बदनाम होतोय.

एज ऑफ एम्पायर्स २ मधला नाइट म्हणजे १०० जीव, १० चा वार आणि अंगावर २ चं चिलखत. किंमत ६० अन्न आणि ७५ सोनं. पाइकमनला ५५ जीव आणि वार जेमतेम ४ चा. पण समोर घोडा आला की त्या वारात २२ ची भर पडते. चिलखत वजा जाता एका टोच्याला २४. पाच टोचे बसले की घोडा खाली. आणि हा गडी मिळतो ३५ अन्न नि २५ लाकडात. सोनं शून्य.

आता दोघांना एकास एक भिडवा. लोहारशाळेतली एकही सुधारणा केलेली नसेल तर पाइकमन हरतो! हे ऐकून पुष्कळांना धक्का बसतो. पण नाइटचा पुढचा वार दोन सेकंदांच्या आत येतो, भालाईताला मात्र दर टोच्याला तीन सेकंद लागतात. सहाव्या वाराला भालाईत पडतो. तोवर त्याचे चार टोचे बसलेले असतात आणि नाइटमध्ये नुसती धुगधुगी उरलेली असते. पण एका नाइटच्या खर्चात दोन भालाईत येतात, वर थोडी शिल्लकही पडते. ते दोघं मिळून त्याच नाइटवर घाला. तिसऱ्या फेरीलाच घोडा कोसळतो आणि तोपर्यंत त्याचे चारच वार झालेले असतात. सगळे एकाच भालाईतावर बसले तरी ४० च होतात. म्हणजे दोघंही जिवंत! मला या खेळातला हा हिशोब फार आवडतो. एक भालाईत म्हणजे हार, दोन भालाईत म्हणजे बिननुकसानीचा विजय.

सोन्याचा मुद्दा याहून मोठा आहे. नकाशावरचं सोनं संपतं. शेत पुन्हा पेरता येतं, झाडंही सहसा पुरून उरतात. डाव लांबला की नाइट घडवणाऱ्याचा हात आखडतो, भालेवाल्याचा नाही. त्यामुळे तुमचे भालाईत आणि त्याचे नाइट बरोबरीने मेले, तरी फायदा तुमचाच.

लोहारशाळेत पहिला खर्च कशावर करायचा, हेही इथेच सांगून टाकतो. भालाईतासाठी आधी चिलखत घ्या, वार नंतर. २४ चे २५ झाले की घोडा पाच टोच्यांऐवजी चार टोच्यांत पडतो, एवढाच फरक. एका नाइटपुरता तो चांगला वाटतो. पण समोरच्याने घोड्यांचे जीव वाढवणारं ब्लडलाइन्स घेतलं की तो फरक तिथेच विरतो. उलट १० च्या वाराचा ९ चा वार झाला, तर प्रत्येक घोड्याचा प्रत्येक वार दहा टक्क्यांनी कमी झाला, आणि तोही दाटीवाटीच्या लढाईत, जिथे एकेका भालाईतावर दोन-दोन घोडे तुटून पडलेले असतात.

एवढं सगळं भाल्याच्या बाजूने असताना वाचकाचे गावकरी का मेले? कारण समोरचा खेळाडू शहाणा होता. तो भाल्यांकडे फिरकलाच नाही.

घोडदळाची खरी ताकद तलवारीत नाही, पायांत आहे. नाइटचा वेग १.३५, भालाईताचा १. वीस सेकंदांत भालाईत वीस घरं चालला तर नाइट सत्तावीस घरं पुढे गेलेला असतो. त्याने घोड्यांचा वेग वाढवणारी सुधारणा घेतली असेल तर जवळपास तीस. तुम्ही भाले घेऊन लाकूडतोड्यांकडे धावलात की तो सोन्याच्या खाणीवर पोचलेला असतो. खाणीवर आलात की तो शेतात. भाल्याने घोडा मरतो हे खरं, पण त्यासाठी घोड्याला भाल्यापाशी यावं लागतं. आपल्या मर्जीने तो येणार नाही. म्हणून बचावाचा सगळा प्रश्न असा उरतो की त्याला यावंच लागेल अशी जागा तयार करायची कशी.

इथे मला स्कॉटलंडला जावंच लागेल. १९९९ सालच्या मूळ खेळात नवशिक्यांना हात धरून शिकवणारी मोहीम विल्यम वॉलेसची होती, आणि तिचा शेवट फॉलकर्कच्या लढाईत होतो. ती लढाई खेळाडू जिंकतो. प्रत्यक्षात २२ जुलै १२९८ रोजी वॉलेस तिथे हरला, आणि कसा हरला हे घोडदळाशी लढणाऱ्या प्रत्येक खेळाडूने जाणून घ्यायला हवं.

वॉलेसने आपल्या भालाईतांचे चार मोठे गोल केले होते. स्कॉट त्यांना शिल्ट्रन म्हणत. चारी दिशांना लांब भाल्यांची टोकं बाहेर काढलेली, भोवती खुंट ठोकून दोरखंड बांधलेले. मध्ये मध्ये तिरंदाज आणि मागे थोडं स्वतःचं घोडदळ. इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डचे सरदार घोड्यांवरून चालून आले आणि भाल्यांपुढे थबकले. गोल काही फुटले नाहीत. भाल्याने आपलं काम चोख केलं. पण स्कॉटांचं घोडदळ मैदान सोडून गेलं आणि गोलांच्या मधले तिरंदाज इंग्लिश घोड्यांखाली तुडवले गेले. मग एडवर्डने स्वार मागे घेतले आणि आपले धनुर्धारी पुढे आणले. गोलातला भालाईत ना पुढे धावू शकत होता, ना मागे हटू शकत होता. बाणांनी गोलांना भगदाडं पडली आणि त्या भगदाडांतून घोडे आत शिरले.

आता स्वतःच्या डावाकडे बघा. कासल एज या टप्प्यात समोरून नाइट आणि त्यांच्या मागे क्रॉसबोवाले आले की नेमकं हेच होतं. तुमचे पाइकमन घोड्यांशी भिडायला थांबतात, आणि मागून बाण त्यांना वेचून टिपतात. पाइकमनच्या अंगावर बाण अडवायला जवळपास काहीच नाही. फॉलकर्कला सातशे वर्षं उलटली, तरी जोडी तीच.

याचं उत्तरही स्कॉटलंडनेच दिलं. जून १३१४ मध्ये बॅनॉकबर्नला रॉबर्ट ब्रूसने तेच भाले वापरले, पण दोन गोष्टी वेगळ्या केल्या. पहिली, वाटेच्या कडेला खड्डे खणून ठेवले. त्यामुळे इंग्लिश सैन्याला मोकळेपणी पसरता आलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी ते ओढ्यांमधल्या अरुंद, दलदलीच्या जागेत अडकलं. दुसरी, इंग्लिश धनुर्धारी बाजूला येऊन बाण सोडू लागताच रॉबर्ट कीथचे हलके स्वार त्यांच्यावर धावून गेले आणि त्यांना पांगवलं. भाल्यांचे गोल या वेळी एका जागी खिळून राहिले नाहीत, ते पुढे चालत गेले. घोड्यांना वळायलाही जागा उरली नाही.

ब्रूसचे खड्डे म्हणजे आपल्या खेळातली तटबंदी. माझं ठाम मत आहे की घोडदळाविरुद्ध भिंत हे पहिलं शस्त्र आणि भाला हे दुसरं. पण बरेच जण भिंत उशिरा, अर्धवट आणि चुकीच्या जागी घालतात. सगळा गाव वेढायची गरज नसते. नकाशा नीट बघा : जंगल भिंतच असतं, पाणी भिंतच असतं. मधल्या मोकळ्या फटी तेवढ्या बुजवायच्या. लोकसंख्येसाठी २५ लाकडाची घरं तुम्ही बांधणारच असता. तीच ओळीने त्या फटींत बांधा. बाकी जागेला लाकडी कुंपण पुरतं. दगडी भिंत परवडली तर उत्तमच, कारण तिच्यावर तलवार घासत बसलेला नाइट म्हणजे फुकट गेलेला नाइट.

आणि एक फट मुद्दाम ठेवा. हे खूप जणांना पटत नाही, पण पूर्ण बंद गावाला शत्रू सावकाश एका जागी कुंपण तोडतो, आणि ती जागा तो ठरवतो. फट ठेवलीत तर जागा तुम्ही ठरवता. तिथे आत, नजरेआड, भालाईत उभे करा आणि त्यांना 'स्टँड ग्राउंड'चा हुकूम द्या. नाहीतर समोरचा एकच स्वार पाठवून त्यांना लांब ओढून नेतो आणि बाकीचे घोडे मोकळ्या फटीतून आत येतात. दरवाजा बांधणार असाल तर तो कुलूपबंद ठेवा. आपला माणूस जवळ गेला की दरवाजा आपोआप उघडतो, आणि त्या क्षणी बाहेर टपलेला घोडा आत घुसतो.

लाकूडतोडे आणि खाणीवरची माणसं ही दोन ठिकाणं टाउन सेंटरच्या बाणांपासून बहुधा दूर असतात. प्रत्येक ठिकाणी तीन-चार भालाईत कायम ठेवा. सगळे एका जागी गोळा करून गावभर धावण्यापेक्षा हे कितीतरी बरं. आणि लूम विसरू नका. ५० सोन्याच्या त्या सुधारणेआधी नाइट गावकऱ्याला तीन वारांत मारतो, नंतर पाच वार लागतात. पहिल्या वारापासून मोजलं तर साडेतीन-पावणेचार सेकंदांचे सात सेकंद होतात. तेवढ्यात शेजारचा भालाईत पोचतो.

धनुर्धाऱ्यांवर कीथसारखं कोणीतरी हवंच. भाल्यांसोबत स्कर्मिशर ठेवा. त्यांनाही सोनं लागत नाही, आणि बाण झेलायला तेच बांधलेले आहेत. नुसते भाले ठेवणारा खेळाडू फॉलकर्क खेळत असतो.

आता उंट. याबद्दल स्वतंत्र लेख होईल इतकं मला सांगायचं आहे, पण वेगाचा विषय निघालाच आहे. घोड्याच्या मागे धावून त्याला गाठणारा उतारा कोणता, तर उंटस्वार. त्याचा वेग १.४५, म्हणजे साध्या नाइटपेक्षा जास्त, आणि घोड्यावर त्याच्या वारात ९ ची भर. हेरोडोटसने लिहून ठेवलं आहे की इराणच्या सायरसने लिडियाच्या क्रीससविरुद्ध सामानाचे उंट पुढे काढून त्यांच्यावर स्वार बसवले, आणि उंटांचं रूप नि वास सहन न होऊन लिडियाचे घोडे उधळले. ही इ. स. पूर्व सहाव्या शतकातली, सार्डिसजवळची गोष्ट. या खेळाने तो जुना समज नियमच करून टाकला.

या उंटांची एक गंमत जुन्या खेळाडूंना आठवत असेल. पहिल्या आवृत्त्यांमध्ये खेळाच्या आतल्या वर्गवारीत उंट जहाजांच्या गटात टाकलेले होते. त्यामुळे जहाजांवर ज्यांचा जादा मारा होता ते किल्ले आणि मनोरे उंटांवरही तसाच जादा मारा करायचे. शाळेत शिकलेलं वाळवंटातलं जहाज इथे संगणकाने अक्षरशः खरं धरलं होतं. पुढे उंटांना स्वतःचा वेगळा गट मिळाला.

आपल्यापैकी जे हिंदुस्तानी घेऊन खेळतात त्यांच्यासाठी उंट हा हौसेचा भाग नाही. २०१३ साली 'इंडियन्स' या नावाने आलेली आणि २०२२ च्या 'डायनेस्टीज ऑफ इंडिया'मध्ये वेगळी झालेली ही संस्कृती. तिच्या पागेत नाइट नाहीतच; इम्पीरियल उंट मात्र फक्त तिच्याकडे आहे. समोर फ्रँक्स आले तर हिंदुस्तान्यांनी खुशाल मोकळ्या मैदानात उतरावं, पाठलाग करावा. पण फ्रँक्सनी हॅल्बर्डिअर हे भालेवाले पुढे केले की उंट मागे घ्यायचे, कारण भाल्यांपुढे तेही घोड्यांसारखेच हतबल.

एक इशारा देऊन ठेवतो. समोर बायझंटाइन असतील आणि किल्ल्यातून कॅटाफ्रॅक्ट बाहेर पडत असतील तर वरचा सगळा हिशोब मोडतो. त्या चिलखती स्वारावर भाल्याची जादा भर निम्म्याच्या आसपास बोथट होते, आणि पायदळावर त्याचा वार आणखी वाढतो. त्याच्याविरुद्ध भाले वाढवत बसू नका. बाण वापरा, नाहीतर धर्मगुरू.

धर्मगुरू पुढच्या आठवड्यात, नक्की. तोपर्यंत सिनेरिओ एडिटर उघडून एवढं करून बघा. आधी दहा पाइकमन आणि पाच नाइट मोकळ्या मैदानात भिडवा. मग त्याच नाइटांच्या मागे पाच क्रॉसबोवाले ठेवा. तिसऱ्या वेळी भाल्यांच्या मागे पाच स्कर्मिशर द्या. तिन्ही वेळा शेवटी कोण किती उरलं ते मला लिहून कळवा.