तसाच दिसणारा बोल्ट

बर्मिंगहॅमहून स्पेनमधील मालागा शहराकडे 10 जून 1990 रोजी निघालेले ब्रिटिश एअरवेजचे विमान सतरा हजार फुटांवर पोहोचले असता वैमानिकासमोरची काच एकाएकी उखडून गेली, आणि सुटलेल्या हवेच्या झोताबरोबर मुख्य वैमानिक टिम लँकेस्टर कमरेपर्यंत बाहेर फेकले गेले. सेवकवर्गाने त्यांना धरून ठेवले, सहवैमानिकाने विमान साउदॅम्प्टनला उतरविले, आणि सुदैवाने सर्वांचे प्राण वाचले.

ती काच अवघ्या 27 तासांपूर्वी बदलण्यात आली होती. तिच्या 90 बोल्टांपैकी 84 बोल्ट सुमारे 0.66 मिलिमीटरने बारीक व उरलेले सहा लांबीला अपुरे होते, असे चौकशीत निष्पन्न झाले. काच बाहेरून बसविलेली असल्यामुळे आतील दाबाचा सारा भार बोल्टांवरच येत होता. बारीक बोल्टाचे आटे नटाच्या आट्यांत जेमतेम टोकापुरते अडकतात. तो फिरतो, बसल्यासारखा वाटतो, परंतु ताण सोसण्याची पात्रता त्याच्या अंगी नसते.

ताणाचे हे शास्त्र मोठे मनोवेधक आहे. पाना फिरविला म्हणजे बोल्ट किंचित लांबतो, आणि पूर्ववत होण्याची त्या धातूची जी ओढ असते, तीच दोन्ही भागांना एकमेकांवर दाबून धरते. मात्र पान्याला लावलेल्या जोरापैकी सुमारे नऊ दशांश हिस्सा माथ्याखालच्या व आट्यांतील घर्षणात खर्ची पडतो. म्हणूनच आटे गंजलेले असले, किंवा जेथे कोरडे ठेवावयाचे तेथे तेल लागले, तर तेवढ्याच जोराने निराळाच ताण उत्पन्न होतो. ताण अपुरा राहिला, की कंपनाने जोड आडवा सरकू लागतो, आणि अशा सरकण्याने नट आपोआप उलगडत जातो, हे युंकर या जर्मन अभियंत्याने 1969 मध्ये प्रयोगाने दाखवून दिले.

बर्मिंगहॅमच्या कारागिराने हयगय केली असे म्हणवत नाही. काढलेल्या जुन्या बोल्टाशी त्याने नवे बोल्ट ताडून पाहिले होते. परंतु ते जुने बोल्टच मुळात आखूड होते व चार वर्षे निर्वेध टिकल्यामुळे बिनचूक भासत होते; योग्य क्रमांक सांगणाऱ्या कोठारातील कर्मचाऱ्याचा शब्दही त्या भासापुढे फिका पडला. यंत्र खोलणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे, की निघालेला बोल्ट पूर्वी काय बसविले होते एवढीच साक्ष देतो. काय बसवावयास हवे, याचा दाखला मात्र निर्मात्याच्या पुस्तिकेतील क्रमांकावरूनच घ्यावा लागतो.