रेल्वे बंद पडली, गाव चालू राहिलं! इंग्लंडच्या सायकलवाटांवरून शिकायचे धंद्याचे ४ धडे



मागच्या बॅचमध्ये एका दादांनी विचारलं, "सर, माझी रोडटच जागा आहे. घरातलं सोनं गहाण ठेवतो, वर कर्ज काढतो आणि आठ खोल्या बांधतो. चालेल ना?"

मी उलट विचारलं, "दादा, तुमच्या दारावरून रोज कोण जातं? आणि ते तुमच्याच दारात का थांबतील?"

दादा गप्प. खरं सांगू? आपल्यातले बरेच जण इथेच फसतात. रस्ता दिसला की आपल्याला गल्ला दिसायला लागतो. पण नुसत्या रस्त्यावरून पैसे येत नाहीत. माणूस थांबला तर पैसे येतात.

हे नीट समजायला आज आपण लांब जाऊया, इंग्लंडमधल्या हार्टिंग्टन नावाच्या छोट्या गावात. डर्बीशर परगण्यातलं, पीक डिस्ट्रिक्ट नॅशनल पार्कमधलं हे गाव. मधोमध बदकांचं तळं, भोवती दगडी घरं, चारी बाजूंना डोंगर आणि कुरणं. गावाच्या दोन्ही अंगांना एकेक जुनी रेल्वेलाइन होती. आज दोन्हींवर रूळ नाहीत. तिथे सायकली चालतात.

आधी थोडा इतिहास. त्यात आपली बार्शी पण आहे!

गावाच्या पूर्वेला अ‍ॅशबोर्नहून येणारी लाइन १८९९ मध्ये सुरू झाली. इथल्या शेतकऱ्यांचं दूध या रेल्वेने थेट लंडनला जायचं. १९५४ मध्ये नेहमीच्या प्रवासी गाड्या बंद झाल्या, आणि १९६७ पर्यंत हार्टिंग्टनची मालवाहतूकही थांबली. पुढे रूळ निघाले आणि १९७१ मध्ये तीच वाट चालणाऱ्यांना आणि सायकलवाल्यांना खुली झाली. नाव 'टिसिंग्टन ट्रेल', लांबी सुमारे २१ किलोमीटर.

पश्चिमेला साधारण तीन किलोमीटरवर हल्म एंड. तिथून मॅनिफोल्ड नदीच्या खोऱ्यातून छोटी अडीच फुटी रेल्वे जायची. तिचा इंजिनिअर होता एव्हरार्ड कॅलथ्रॉप. नाव ओळखीचं वाटतंय? सोलापूरकरांना वाटायला हवं. १८९७ मध्ये सुरू झालेली आपली बार्शी लाइट रेल्वे याच माणसाची. बार्शीत तो जे शिकला, तेच त्याने १९०४ मध्ये इंग्लंडमध्ये वापरलं. रूळांची रुंदीसुद्धा तीच!

धडा १ : एकाच गिऱ्हाइकावर धंदा उभा करू नका

आता बघा गंमत. इंजिनिअर तोच, तंत्र तेच. बार्शीची गाडी पुढे पंढरपूर, लातूर, मिरजेपर्यंत वाढली. मॅनिफोल्डची गाडी मात्र तीस वर्षंही टिकली नाही. का?

बार्शीच्या गाडीला शेतमाल होता, बाजार होता, पंढरीचे वारकरी होते. मॅनिफोल्डची स्टेशनं खाली नदीकाठी आणि गावं वर डोंगरावर. त्यामुळे रोजचे प्रवासी कमी. भरवसा होता तो दुधावर. वाटेतली एक्टनची डेअरी बंद पडली आणि १९३४ च्या मार्चमध्ये रेल्वेचाही खेळ संपला.

तुमचा ८० टक्के माल एकच दुकानदार उचलत असेल, तर आज रात्री शांत डोक्याने विचार करा. तो उद्या 'नको' म्हणाला तर?

पण ती जमीन वाया गेली नाही, हे लक्षात घ्या. १९३७ मध्ये त्याच वाटेवर पायवाट खुली झाली. आज ती १३ किलोमीटरची 'मॅनिफोल्ड वे' आहे. हल्म एंडचं तिकीट ऑफिस आता माहिती केंद्र झालंय, आणि इंजिन शेडच्या जागी चहा आणि केक मिळतो.

धडा २ : गिऱ्हाईक कुठे थकतं ते ओळखा

समजा, तुम्ही हार्टिंग्टनहून सायकलवर निघालात. हल्म एंडला जाऊन मॅनिफोल्ड वे धरली. नदीकाठचा डांबरी, सपाट रस्ता. मध्ये एक बोगदा, वेटन मिलला चहा, पुढे डोंगरकड्यातली थॉर्स केव्ह नावाची भलीमोठी गुहा. शेवटी वॉटरहाउसेस. इथपर्यंत मजाच मजा.

आता ईलम, थॉर्प करत टिसिंग्टनकडे वळा. हे रस्ते रेल्वेचे नाहीत, गावाचे आहेत. उभे चढ, छाती भरून येते. टिसिंग्टनला पोचलात की पुन्हा जुन्या रेल्वेची वाट लागते. रेल्वेला उभा चढ चढता येत नाही, म्हणून या वाटेचा चढ हळूहळू वाढतो. लहान मुलंसुद्धा सायकल मारतात. पण चढ तो चढच. हार्टिंग्टनच्या जुन्या स्टेशनावरून पुढे पार्स्ली हेपर्यंत गेलात, तर पाय बोलायला लागतात.

म्हणून बघा, चहाची दुकानं कुठे आहेत? टिसिंग्टनला, जुन्या स्टेशनांच्या आसपास, पार्स्ली हेला. जिथे माणूस हाशहुश्श करत उतरतो, तिथेच. चांगली जागा म्हणजे मेन रोडची जागा असं नाही. गिऱ्हाइकाला गरज जिथे लागते, ती चांगली जागा.

धडा ३ : खोली विकू नका, अडचण सोडवा

टिसिंग्टन ट्रेलवर डांबर नाही, चुनखडीची बारीक खडी आहे. पाऊस पडला की सायकल आणि पँट दोन्ही पांढऱ्या चिखलाने माखतात. असा माणूस संध्याकाळी दारात आला तर त्याला काय लागतं? मऊ गादी नंतर. आधी सायकल धुवायला पाण्याचा पाइप, मग ती ठेवायला कुलपाची शेड, ओले कपडे वाळवायला उबदार जागा. सकाळी लवकर नाश्ता, सोबत न्यायला डबा.

इंग्लंडमध्ये 'सायकलवाल्यांचं स्वागत आहे' असा खास दर्जा मुक्कामाच्या ठिकाणांना मिळतो, त्यात अशाच सोयी पाहतात. यात महागडं काय आहे? पाइप, शेड, दोरी. भांडवल कमी, विचार जास्त!

पार्स्ली हेला तर सायकलीच भाड्याने मिळतात. कारण बरेच पाहुणे कारने येतात आणि त्यांच्याकडे सायकल नसतेच. 'माझ्याकडे सायकल नाही' ही अडचण कोणीतरी धंदा म्हणून पाहिली.

धडा ४ : पाटी म्हणजे भरवसा

१८७८ मध्ये इंग्लंडच्या हॅरोगेट गावात सायकलवाल्यांनी एक संघटना काढली. पुढे ती 'सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब' म्हणून नावाजली. त्यांनी मुक्कामाच्या चांगल्या जागा निवडल्या, आणि तिथे पंख लावलेल्या चाकाची लोखंडी पाटी लागायची. अनोळखी गावात, अंधारात, भिजलेल्या माणसाला ती पाटी दिसली की कळायचं : इथे आपल्याला कोणी हाकलणार नाही.

तुमची पाटी काय सांगते? नुसतं नाव आणि 'आमची कुठेही शाखा नाही'? की गिऱ्हाइकाच्या मनातली भीती घालवते?

आता दुसरी बाजू

सगळं गोड नाही हं. डिसेंबरमध्ये तिथे दुपारी चारच्या आत सूर्य मावळतो. पाऊस, धुकं, थंडी. सायकलवाले कमी होतात, पण कर्जाचा हप्ता कमी होत नाही. म्हणून पर्यटनाच्या धंद्यात नफा बारा महिन्यांचा मोजा, सीझनचा नाही. कोकणातल्या सागरी मार्गावर सायकलवाले पाहून होमस्टे काढायचा विचार असेल, तर मे महिन्याचं ऊन आणि जुलैचा पाऊस आधी वहीत लिहा.

तुमचा गृहपाठ

वही-पेन घ्या. तीन रविवार तुमच्या जागेवर बसा आणि चार रकाने आखा : किती गेले, किती थांबले, काय मागितलं, काय न मिळता गेले. शेवटचा रकाना सर्वात महत्त्वाचा. तुमचा धंदा त्यातच लपलाय.

त्या दादांनी हे केलं. तीन रविवारांनंतर वही घेऊन आले. खोली विचारणारे दोघेच. बाकी सगळे चहा, गार पाणी आणि स्वच्छ बाथरूम विचारत होते. ताई-माईंना तर बाथरूमचीच जास्त गरज. आठ खोल्या वहीतच राहिल्या. दादांनी साठवलेल्या पैशात चहा-नाश्त्याची टपरी आणि दोन चकाचक बाथरूम उभी केली. खोल्या बांधायच्या का, ते पुढच्या वर्षी ठरवणार आहेत.

आणि घरातलं सोनं? ते अजून कपाटातच आहे.

तुमच्या वहीतल्या चौथ्या रकान्यात काय निघालं ते मला व्हिडिओखाली नक्की लिहून कळवा. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत शिकत राहा, मोजत राहा!