परिस्थितिविज्ञान : कावेरीकाठच्या भातशेतीतून

सजीवांचे परस्परांशी व सभोवतालाशी असलेले संबंध अभ्यासणाऱ्या शास्त्राला परिस्थितिविज्ञान म्हणतात. जर्मन शास्त्रज्ञ अर्न्स्ट हेकेल यांनी १८६६ मध्ये त्याचे नामकरण केले.

तंजावूरजवळील तिरुवैयारु येथील भातशेतीवरून या शास्त्राच्या शाखा स्पष्ट होतात. तुडतुड्यांची संख्या का वाढते, हा समष्टीचा अभ्यास. तुडतुडे आणि त्यांना खाणारे कोळी यांचे नाते, हा समुदायाचा. कावेरीचे पाणी, माती व सजीव यांचा एकत्रित विचार, हा परिसंस्थेचा. ही संकल्पना आर्थर टान्स्ली यांनी १९३५ मध्ये मांडली.

अतिरिक्त कीटकनाशकांमुळे कोळीही मरतात व तुडतुडे पुन्हा बळावतात. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील शेतीच्या रक्षणासाठी तमिळनाडूने २०२० मध्ये कायदा केला. मात्र शेतातील हा समतोल शेतकऱ्यालाच राखावा लागतो.