स्पर्शातील विवेक : श्वानाला कुठे व कसे गोंजारावे

सकाळी दुकानाचे शटर वर जाते, उंबऱ्यावर पाणी शिंपडले जाते, गल्ल्यापुढे अगरबत्ती लागते आणि त्याच सुमारास पायरीशी झोपलेले कुत्रे अंग झटकून उभे राहते. त्याला पोळी घालण्याची रीत अनेक व्यापारी घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. पोळी केव्हा द्यावी, कुठे ठेवावी, हे घरातील मुले मोठ्यांकडे पाहून शिकतात. मात्र त्या जीवाला हात कसा लावावा, हे सहसा कोणी शिकवीत नाही. मग प्रेमाने पुढे झालेला एखादा लहानगा हात दातांत सापडतो, घरात धावपळ उडते आणि सारा दोष कुत्र्याच्या माथी येतो. वास्तविक पुष्कळदा त्या कुत्र्याने आधीच नकार दिलेला असतो. तो कोणाला वाचता आलेला नसतो.

मुंबईच्या व्यापारी समाजाचे कुत्र्यांशी असलेले नाते जुने आहे. १८३२ साली इंग्रज सरकारने भटक्या कुत्र्यांच्या कत्तलीची मोहीम वाढविली, तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला. हिंदू व जैन व्यापारीही त्यांच्यासोबत आले आणि बाजार बंद पडले. दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभॉय आणि जैन व्यापारी शेठ मोतीशा यांच्या पुढाकाराने भुलेश्वरचा पांजरापोळ उभा राहिला. मुक्या जीवाला अभय देणे ही दयेची पहिली पायरी होती. त्या जीवाला काय रुचते आणि काय रुचत नाही, हे जाणून घेणे ही पुढची पायरी होय.

स्पर्शाची भूक

कुत्रे माणसाजवळ केवळ अन्नासाठी येते, हा समज अपुरा आहे. कोलकात्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेतील अनिंदिता भद्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी रस्त्यावरील कुत्र्यांचे निरीक्षण करून २०१७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. अनोळखी माणसाने काही कुत्र्यांना वारंवार खाऊ दिला, तर काहींना वारंवार गोंजारले. ज्यांना मायेचा हात मिळाला, त्यांचा त्या माणसावरील विश्वास अधिक वाढला. त्याआधी २०१५ मध्ये अमेरिकेतील एरिका फॉयरबाकर व क्लाइव्ह विन यांनी शब्दांची स्तुती आणि हाताचा स्पर्श यांची तुलना केली होती. कुत्र्यांनी निःसंशय स्पर्शाला पसंती दिली; नुसत्या कौतुकाच्या शब्दांत त्यांना फारसे स्वारस्य दिसले नाही.

म्हणजे स्पर्श ही कुत्र्याच्या लेखी मोलाची वस्तू आहे. परंतु कोणत्याही मोलाच्या वस्तूप्रमाणे ती योग्य ठिकाणी व योग्य रीतीने दिली, तरच तिचे मोल राहते.

कुठे आवडते, कुठे नाही

बहुतेक माणसांचा हात प्रथम कुत्र्याच्या डोक्यावर जातो. लहान मुलाच्या डोक्यावरून हात फिरवण्याची सवय तेथेही चालते. कुत्र्याच्या दृष्टीने मात्र उंच माणूस वरून वाकतो, हात डोळ्यांच्या वर जातो आणि दिसेनासा होतो. अनोळखी माणसाची ही कृती त्याला धमकीसारखी वाटते. जर्मनीतील फ्रांत्सिस्का कुहने व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कुत्र्यांच्या शरीराच्या निरनिराळ्या भागांना स्पर्श करून त्यांचे वर्तन टिपले होते. डोक्यावर, तोंडापाशी व पंजांवर हात लागताच अस्वस्थतेची चिन्हे अधिक दिसली. छाती व मानेच्या बाजूला ती कमी होती.

रोजच्या अनुभवातही हेच आढळते. छातीचा पुढचा भाग, हनुवटीखालची जागा, मानेची बाजू, खांदे आणि कानांचे मूळ ही बहुतेक कुत्र्यांची आवडती ठिकाणे होत. ओळखीच्या कुत्र्याला शेपटीच्या मुळाशी, पाठीच्या शेवटी हलके खाजवलेलेही रुचते. पंजे, शेपटी, तोंड व मिशांचे केस या नाजूक जागा आहेत. तेथे घरच्या माणसानेही जपूनच हात लावावा.

पोटाविषयी विशेष गैरसमज आहे. कुत्रे उताणे झाले म्हणजे ते पोट खाजवून घेऊ इच्छिते, असे मानले जाते. अंग सैल, तोंड किंचित उघडे आणि शेपटी मोकळी असेल, तर ते खरेही असते. परंतु अंग ताठ, ओठ मिटलेले आणि शेपटी पायांत घातलेली असेल, तर ‘मी शरण आहे, मला सोडा’ एवढाच त्याचा अर्थ. पोट किंवा कूस खाजवताना मागचा पाय झटकू लागतो, तोही आनंदाचा पुरावा नव्हे. इंग्रज शरीरशास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभीच दाखवून दिले होते, की ती मज्जारज्जूतून आपोआप घडणारी प्रतिक्षिप्त क्रिया आहे.

आधी विचारावे, मग हात लावावा

व्यापारात दुसऱ्या पक्षाच्या संमतीवाचून सौदा होत नाही. स्पर्शाचेही तसेच आहे. कुत्र्यासमोर सरळ उभे न राहता थोडे बाजूला वळून बसावे, डोळ्यांत रोखून पाहू नये, हात खाली मोकळा ठेवावा आणि वाट पाहावी. ते आपणहून जवळ आले, हुंगले आणि थांबले, तर छातीवर किंवा मानेच्या बाजूला केसांच्या दिशेने सावकाश तीनेक सेकंद हात फिरवावा. मग हात काढून घ्यावा. कुत्रे अंगाला रेलले, नाकाने हात ढोसला किंवा पंजा पुढे केला, तर त्याने ‘आणखी’ म्हटले. ते नुसते उभे राहिले, तोंड फिरवले किंवा निघून गेले, तर भेट तेथेच संपली असे समजावे.

नकाराची भाषा फार हळू आवाजातली असते. समोर अन्न नसताना ओठ चाटणे, झोप नसताना जांभई देणे, मान दुसरीकडे वळवणे, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणे, अंग एकाएकी स्तब्ध होणे, ही तिची अक्षरे. शेपटी हलते म्हणून कुत्रे खूश आहे, हेही नेहमी खरे नसते. ताठ, उंच धरलेली आणि भराभर हलणारी शेपटी तणावाचीही खूण असू शकते. गुरगुरणे हा तर स्पष्ट इशारा होय. त्यासाठी कुत्र्याला मारू वा दरडावू नये. इशारा द्यायचे बंद झालेले कुत्रे पुढे थेट चावण्याची भीती असते.

नेहमी लाडात येणारे कुत्रे एकाएकी हात चुकवू लागले, तर ते ‘रुसले’ असे म्हणून सोडून देऊ नये. कानातील जंतुसंसर्ग, दुखरे सांधे किंवा दात यांची वेदना त्यामागे असू शकते. अशा वेळी पशुवैद्याला दाखवणे हीच खरी माया.

मुलांना शिकवण्याचे चार शब्द

खाणाऱ्या, झोपलेल्या, पिलांना पाजणाऱ्या आणि बांधलेल्या कुत्र्याला हात लावू नये. गळ्यात हात टाकून मिठी मारू नये. माणसाला जी मिठी प्रेमाची वाटते, ती पुष्कळ कुत्र्यांना अडकवणारी वाटते. परक्या पाळीव कुत्र्याला त्याच्या मालकाला विचारल्याशिवाय गोंजारू नये. रस्त्यावरच्या कुत्र्याला पोळी घालावी, पण स्पर्श मोठ्यांच्या देखतच करावा.

एवढे जपूनही दात किंवा नखे लागलीच, तर हळद, चुना, तिखट असे काहीही न लावता जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन रेबीजची लस सुरू करावी. ओरखडा लहान आहे म्हणून थांबू नये. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रोगी वाचणे जवळजवळ अशक्य असते. वेळेवर घेतलेली लस मात्र जीव वाचवते. मुले मार खाण्याच्या भीतीने ओरखडा लपवतात, म्हणून ‘सांगितलेस तर कोणी रागावणार नाही’ हे त्यांना आधीच सांगून ठेवावे.

जैन घरांत मुलाला चालताना पाय कुठे पडतो हे पाहायला शिकवतात. तीच यतना हाताला शिकवली, तर पुरे. उद्या सकाळी शटर वर जाईल, पायरीवरचे कुत्रे उभे राहील. मूल खाली बसेल, हात मोकळा ठेवील आणि क्षणभर थांबेल. कुत्रे जवळ आले, तर छातीवरून हात फिरेल. न आले, तर पोळी ठेवून मूल बाजूला होईल. दोन्ही वेळा दया पाळली गेलेली असेल.