हृद्‌गती नियमन

हृद्‌गती नियमन : हृदयाच्या ठोक्यांचा वेग शरीराच्या गरजेनुसार कमीअधिक करणाऱ्या यंत्रणेला हृद्‌गती नियमन म्हणतात. निरोगी प्रौढ व्यक्तीत विश्रांतीच्या वेळी दर मिनिटास साधारणपणे ६० ते १०० ठोके पडतात. कोल्हापूरच्या गंगावेस, मोतीबाग वा शाहूपुरी तालमीत वर्षानुवर्षे मेहनत केलेल्या मल्लाची नाडी पहाटे अंथरुणातून उठण्यापूर्वी पाहिल्यास ती ५० किंवा त्याहूनही कमी आढळू शकते. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात १९१२ मध्ये उभारलेल्या खासबाग मैदानात हाच मल्ल अटीतटीची कुस्ती लढत असता त्याची नाडी १८० च्या आसपास जाऊ शकते. या दोन टोकांमधील फरक कसा घडून येतो, हे समजण्यास मल्लाचे उदाहरण सोयीचे आहे.

हृदयाला ठोका देण्यासाठी मेंदूच्या आज्ञेची गरज नसते. ऊर्ध्व महानीला उजव्या अलिंदाला मिळते तेथे कोटर-अलिंद गाठ नावाचा विशिष्ट ऊतकाचा लहानसा पुंजका असतो. आर्थर कीथ व मार्टिन फ्लॅक यांनी त्याचे वर्णन १९०७ मध्ये केले. या गाठीतील कोशिकांच्या पटलांतून सोडियम, कॅल्शियम व पोटॅशियम यांच्या आयनांची ये-जा होऊन त्यांचा विद्युत् भार आपोआप ठराविक पातळीला पोहोचतो आणि ठोक्याची प्रेरणा निर्माण होते. म्हणून तिला ‘गतिकारक’ म्हणतात. तरुण व्यक्तीत तंत्रिकांचा प्रभाव पूर्णपणे दूर केल्यास ही गाठ दर मिनिटास सुमारे १०० ठोके देते. ज्यांच्यात दुसऱ्याचे हृदय बसविले आहे अशा रुग्णांची नाडी विश्रांतीतही जलद असते, ती याच कारणाने. रोपणाच्या वेळी हृदयाच्या तंत्रिका तुटलेल्या असतात.

यावरून असे दिसते की, विश्रांतीच्या वेळी शरीर हृदयाला हाकीत नाही, तर आवरून धरते. हे आवरण्याचे काम प्राणेशा तंत्रिका करते. ती लंबमज्जेतून निघते व परानुकंपी तंत्रिका तंत्राचा भाग आहे. ही तंत्रिका उद्दीपित केल्यास हृदय मंदावते वा थांबते, हे वेबर बंधूंनी १८४५ मध्ये दाखविले. तिचे कार्य ॲसिटिलकोलीन या रासायनिक द्रव्यामार्फत चालते, हे ऑटो लोव्ही यांच्या बेडकाच्या हृदयावरील १९२१ मधील प्रयोगांमुळे उघड झाले. अनुकंपी तंत्रिका व अधिवृक्क ग्रंथीतून रक्तात येणारे ॲड्रेनॅलीन यांचे कार्य याच्या उलट असते. प्राणेशेचा परिणाम एकदोन ठोक्यांतच जाणवतो. अनुकंपीचा परिणाम होण्यास काही सेकंद लागतात. महारोहिणीची कमान व ग्रीवा रोहिणी यांतील दाबग्राही रक्तदाबाची वार्ता लंबमज्जेला सतत कळवीत असतात. दाब वाढला की हृदय मंदावते आणि उतरला की जलद चालते. [→ तंत्रिका तंत्र].

मल्ल हौद्यात उतरतो तेव्हा सलामी होण्यापूर्वीच त्याची नाडी चढलेली असते, कारण प्राणेशेची पकड केवळ अपेक्षेनेही सैल होते. खडाखडी सुरू झाल्यावर अनुकंपी तंत्रिका व ॲड्रेनॅलीन यांची भर पडते. प्रतिस्पर्ध्याची पकड तोडताना मल्ल श्वास कोंडून कुंथतो. त्या वेळी छातीतील दाब वाढून हृदयाकडे परतणारे रक्त घटते आणि नाडी अधिक जलद होते. श्वास सोडताच रक्तदाब उसळतो व दाबग्राहींच्या प्रतिक्षेपामुळे नाडी काही क्षण झपाट्याने उतरते.

कुस्ती संपल्यावर पहिल्या मिनिटात प्राणेशा पुन्हा ताबा घेते व वेग पुष्कळ कमी होतो. मात्र रक्तातील ॲड्रेनॅलीन, स्नायूंतील आम्ले व वाढलेले तापमान यांमुळे पूर्ववत होण्यास अर्धा तास वा अधिक काळ लागू शकतो. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी खाशाबा जाधव यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविले. तेथे जपानच्या शोहाची इशी यांच्याशी दीर्घ लढत झाल्यावर, नियमानुसार मिळावयाची अर्ध्या तासाची विश्रांती न मिळता त्यांना सोव्हिएट मल्लाशी खेळावे लागले, असे सांगितले जाते. शरीरक्रियाविज्ञानाच्या दृष्टीने तो अर्धा तास ही सवलत नव्हे, गरज आहे.

मेहनतीने विश्रांतीतील नाडी मंद का होते? प्रत्येक ठोक्याला ७० मिलि. रक्त बाहेर पडत असेल, तर मिनिटाला सुमारे ५ लि. रक्त पुरविण्यास ७० ठोके लागतात. तेच १०० मिलि. पडल्यास ५० ठोके पुरतात. १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मॉर्गनरॉथ व सहकाऱ्यांच्या पाहणीत धावपटू व जलतरणपटू यांच्या डाव्या निलयाची पोकळी मोठी, तर मल्लांच्या निलयाची भित्ती जाड आढळली. ही विभागणी प्रत्यक्षात इतकी काटेकोर नसते. शेकडो जोर-बैठका हा दमाचा व्यायाम, तर पकडीतील ताण हा बळाचा. तालमीत दोन्ही असतात. मंद नाडीचे श्रेय पूर्वी प्राणेशेच्या वाढलेल्या प्रभावालाच दिले जाई. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्राण्यांवरील प्रयोगांत व्यायामाने गतिकारक गाठीतही बदल होतो असे दिसले. या दोहोंतील कोणते कारण प्रमुख, याबाबत एकमत नाही.

वजनगटात बसण्यासाठी पाणी तोडून घाम काढण्याची प्रथा या यंत्रणेवर फार मोठा भार टाकते. रक्तद्रव घटल्यामुळे प्रत्येक ठोक्यातील रक्त कमी होते, वेग वाढवून तूट भरावी लागते आणि त्वचेतून उष्णता बाहेर टाकण्यास रक्त उरत नाही. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत तीन महाविद्यालयीन मल्ल अशा रीतीने वजन उतरविताना सुमारे महिन्याभरात मृत्यू पावले. त्यानंतर तेथील नियम कडक करण्यात आले.

तरुण मल्लाची मंद नाडी सामान्यतः रोगलक्षण नसते. मेहनत सोडून बरीच वर्षे झालेल्या वस्तादाची नाडी मात्र मंद राहून त्यासोबत घेरी वा शुद्ध हरपणे ही लक्षणे आढळल्यास ‘पहिलवानी हृदय’ म्हणून तिकडे दुर्लक्ष करता येत नाही. वयोमानाने गतिकारक गाठ वा प्रेरणा-वहनाचा मार्ग क्षीण झाला आहे काय, हे विद्युत् हृल्लेखाने पाहावे लागते आणि आवश्यक तेथे कृत्रिम गतिकारक बसवितात.